नारळपाणी प्यालेली मारुती

चारकोप, कांदिवली (प.)
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

दशरथाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की पत्र वाचून तू मारायला धावलीस तर मी आधीच आडवा पडलेला बरा.

फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोनवर नुसती भुणभुण ऐकू येते आणि मला चार मजल्यांना ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं. ही बातमी चार मजल्यांना ऐकवण्यासारखी नाही. तेव्हा पाणी पी, चष्मा पूस आणि खाली बसून वाच.

तुझ्या मारुतीचं इंजिन जाम झालंय. पार दगड. मेमध्ये येऊन गाडी गावी नेणार म्हणून तू कळवलंस, तेव्हा मी हौसेने नवी बॅटरी आणून बसवली, देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. एकदा ‘टक्’ झालं आणि पुढे काही नाही. मग कोपऱ्यावरच्या लहू मेकॅनिकला बोलावलं. त्याने खाली वाकून पाना लावला, जोर केला, तर पानाच निसटला आणि लहू पाठीवर पडला.

आता हे कसं झालं ते सांगतो. तूच सांगून ठेवलं होतंस की वर्षातून एकदा प्लग काढून साफ कर. मी दसऱ्याच्या सकाळी तिन्ही प्लग काढले, घासूनपुसून लख्ख केले, आणि सण होता म्हणून ताटात मांडून त्यांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं यथासांग. दरवर्षी नारळ चाकापाशी फोडतो. ह्या खेपेला बॉनेट उघडंच होतं, म्हटलं साक्षात इंजिन समोर बसलंय, मग चाकाला कशाला? इंजिनावरच फोडला आणि सगळं पाणी अभिषेक म्हणून वर सोडलं. प्लगची तीन भोकं आ वासून बसली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं गं. नंतर प्लग लावले, बॅटरी मेलेली होती म्हणून गाडी चालू केली नाही, आणि ती तशीच राहिली.

लहूने प्लग काढून आत तार घातली तर तांबूस चिकट काहीतरी निघालं. त्याने वास घेतला आणि आत गूळ कोणी टाकला असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. अक्का, तो माणूस जमिनीवर बसून हसला. मग डोळे पुसून म्हणाला की असली केस त्याने आयुष्यात पाहिली नाही.

त्यात सोसायटीचा नवा सेक्रेटरी निमेश. रामनवमीनंतर कंपाउंडमध्ये फरशी बसवायची आहे, तर जी गाडी स्वतःच्या पायांनी गेटबाहेर जाणार नाही ती भंगारवाल्याकडे जाईल, असं त्याने जिन्यात लिहून लावलंय. अशी गाडी सोसायटीत एकच आहे. पण लिहिलंय असं, की जणू वीस असतील.

तू सांग काय करू. तुझी भावजय नलिनी बरी आहे, मला रोज सकाळी नारळपाणी हवं का म्हणून विचारते.

राग दोन दिवस ठेव, लोभ बाकीचे दिवस.

तुझा
दशरथ


मु. पो. कुंभारटेंब, ता. कुडाळ
१७ फेब्रुवारी २०२५

चि. दशरथ यास,

आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

मेल्या, अक्कल खंय गहाण ठेवलंस? चार वर्षांपूर्वी मी मुंबई सोडली तेव्हा तुला एकच काम दिलं होतं, दर रविवारी गाडी चालू करायची. तुला चालवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. चावी फिरवता येते एवढंच मी गृहीत धरलं होतं. आणि इंजिनाला नारळपाणी! अरे, ते काय आजारी होतं?

तुझं पत्र मी मागीलदारी बसून वाचलं. आधी रडले. मग तू प्लगना हळदकुंकू लावतोयस असं डोळ्यांपुढे आलं आणि एकटीच इतकी हसले की शेजारची मीरा धावत आली, म्हातारीला झालं काय म्हणून.

ह्या मीराबद्दल तुला नीट लिहायलाच हवं, म्हणजे गाडीत माझा जीव का अडकलाय ते कळेल. आमच्या वाडीतल्या बायकांचा बचत गट आहे. कोकमाचं आगळ, आमसुलं, काजूगर बनवतात आणि रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करत कुडाळच्या बाजाराला नेतात. त्यांना यंदा गटाचा म्हणून छोटा टेम्पो मिळायचाय. पण चालवणारी एकही नाही. नवरे म्हणतात आम्ही चालवू, आणि बायका म्हणतात मग टेम्पो तुमचाच झाला, आमचा कुठला? तालुक्याला शिकायला दोघी गेल्या होत्या, तिथला मास्तर इतका वसकन ओरडला की एक दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. तेव्हा मीरा माझ्याकडे आली. म्हणाली, आत्या, तुम्ही बोरिवलीत बायकांना गाडी शिकवायचात ना? मी होय म्हटलं. मग ती म्हणाली, आमका शिकवा.

दशरथा, ह्यांच्या पाठीमागे इथे आल्यापासून मला कोणी काही मागितलं नव्हतं रे. प्रीतम गुणी मुलगा आहे, पण त्याचं एकच पालुपद, आई तू बस, आई तू आराम कर. बसून बसून माझंच इंजिन जाम व्हायची वेळ आली. मी बायकांना शब्द दिला आणि रात्रभर आनंदाने झोपले नाही. सकाळी आरशासमोर उभी राहून, क्लच हळू सोडा, घाई कोणाची नाही, असं म्हणूनसुद्धा पाहिलं. आवाज अजून शाबूत आहे.

प्रीतम नवी गाडी घेऊन द्यायला निघालाय, बिनगियरची. तिच्यात मी काय शिकवणार, बसायचं कसं ते? मला माझीच गाडी हवी. तिच्यात शिकवणारीच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच आहे. तिला बायकांच्या चुका सोसायची सवय आहे.

आता नीट ऐक. तिन्ही प्लग काढ. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक भोकात ओत, भोकांवर स्वच्छ फडकं घाल आणि गप्प राहा. रोज थोडं थोडं ओत. आठवड्याने लहूला पाना लावायला सांग, आधी उलट, मग सुलट, अगदी केसभर. स्टार्टर मारायचा नाही. जबरदस्ती करायची नाही. इंजिन म्हणजे बेस्टचा पॅसेंजर नव्हे, आत ढकलून घंटी मारायला.

आणि पूजा करायची नाही!

तुझ्यावर माया आहेच, नाइलाज आहे.

तुझी
अक्का


चारकोप
३ मार्च २०२५

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार, ह्या वेळी मनापासून.

तुझ्या पत्राबरहुकूम सगळं केलं. डिझेल, ऑइल, फडकं. रोज सकाळी अंघोळ करून खाली जातो, तीन भोकांत तीन चमचे घालतो. नलिनी वरून गॅलरीतून बघते आणि विचारते, औषध घेतलं का बाळाने? आठवड्याने लहू आला. उलट केलं, सुलट केलं. काही नाही. परत तीन दिवस भिजवलं. लहूने पान्याला लांब पाइप लावला आणि मी त्याच्या हाताला हात लावला. पाइप वाकला, इंजिन हललं नाही.

आता सगळी सोसायटी डॉक्टर झाली आहे. तळमजल्यावरचा हितेशभाई, ज्याला आपल्या गाडीत पेट्रोल कुठून भरतात हेही बायको सांगते, तो कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेऊन आला. म्हणे मोबाइलवर पाहिलं, कोल्ड्रिंक ओतलं की गंज जातो. मी म्हटलं बाबा रे, हिला आधीच गोड बाधलंय. शेवटी ते कोल्ड्रिंक त्याने, मी आणि लहूने बॉनेटवर ग्लास ठेवून पिऊन टाकलं. वॉचमन धाकू म्हणतो कोणाची तरी नजर लागली. मी म्हटलं हिच्याकडे नजर टाकतो कोण?

लहूचं मत असं की आता इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागेल, आणि ह्या गाडीचे सुटे भाग मिळतील न मिळतील. तो सरळ बोलला की काका, वाट लागली आहे, भंगारात द्या, दुःख होईल पण एकदाच होईल. निमेशही दोनदा विचारून गेला. तसा वाईट नाही तो, पण फरशीवाले त्याच्या मानगुटीवर बसलेत.

अक्का, मला फार वाईट वाटतं गं. तू मीराबद्दल लिहिलंस ते मी नलिनीला वाचून दाखवलं. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तीस वर्षं बसच्या मागच्या दारात उभा राहून पुढे चला, पुढे चला म्हणत आलो, आणि तुझंच पुढे जायचं ते मी अडवून ठेवलं. दुसरीकडे कुठे शिकवणीची जुनी गाडी विकाऊ असेल तर बघू का? तू फक्त होय म्हण.

तोवर भिजवणं चालू ठेवतो. रागावलीस तरी पत्र लिही, एवढा लोभ असू दे.

तुझा
दशरथ


चारकोप
१६ मार्च २०२५

ती. वन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मी माझं माझं लिहिते आहे, ह्यांना ठाऊक नाही. हे दुपारचे झोपलेत, घोरण्याचा आवाज येतोय, त्यामुळे बिनघोर लिहिते.

पहिली बातमी आधी, नाहीतर मला धीर निघायचा नाही. वन्सं, इंजिन हललं!

झालं असं. तुमचं दुसरी गाडी बघू का ह्यावर उत्तर यायच्या आतच काल मी ह्यांना म्हटलं, खालून पाना लावून होत नाही तर वरच्या गियरमध्ये टाकून गाडीच पुढेमागे ढकलून बघा, चाकं फिरली तर इंजिनालाही ओढतील. हे माझ्याकडे बघतच राहिले. विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, टीव्हीवर दाखवलं. लहूला विचारलं तर तोही म्हणाला, काकी बरोबर बोलते, शेवटचं हे करून बघू. मग आत बसणार कोण? बाप्ये सगळे ढकलायला हवेत. हे म्हणाले, नलिनी बसेल, ती वजनाला हलकी, फक्त स्टिअरिंग धरून बस, कशाला हात लावू नकोस. बसले बापडी.

चौथा गियर टाकला लहूने. प्लग काढलेलेच होते. हे, लहू, हितेशभाई, धाकू आणि निमेशसुद्धा, त्याची इस्त्री मोडली तरी. पुढून दोघे, मागून तिघे. हुश्श, हैश्श. गाडी नुसती डुलायची, चाकं जाग्यावर. पाच-सहा वेळा झालं. सगळे घामाघूम. आणि मग मला पायाखाली कळलं, वन्सं. आवाज असा नव्हताच, कटकन काहीतरी सुटलं, वाटी ताटाला चिकटलेली असते आणि अलगद निघते ना, तसं. कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण हे तेव्हा दम खात निमेशला बेस्टच्या गोष्टी सांगत होते. मी खिडकीतून ओरडले, परत ढकला, परत! ढकललं आणि गाडी वीतभर सरकली. लहूने वाकून पुलीकडे पाहिलं आणि ती फिरली म्हणून शिटीच वाजवली. हितेशभाईंनी निमेशला मिठी मारली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हे म्हणाले की डिझेल गेलं डोळ्यात.

अजून पूर्ण मोकळं नाही. लहू म्हणतो रोज थोडं डुलवायचं, तेल घालत राहायचं.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत आणि मीही नाही, पण आता माझ्या पोटात मावेना. त्या सीटवर बसले आणि हात आपसूक गियरवर गेला. पंचवीस वर्षं झाली वन्सं, ह्यांची सकाळपाळी असायची आणि तुम्ही मला गोराईच्या रस्त्याला न्यायचात. लायसन्स निघालं तेव्हा आपण दोघींनी मिसळ खाल्ली होती. ह्यांना तेव्हा सांगणार कसं? नुकतेच तिसऱ्यांदा लायसन्सच्या परीक्षेत नापास होऊन आले होते आणि आपल्या घरात कोणी स्टिअरिंगला शिवायचं नाही असं जाहीर करून बसले होते. म्हटलं, राग ओसरला की सांगू. मग ते राहूनच गेलं. लायसन्सची मुदत मात्र मी कधी चुकू दिली नाही. मागच्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून गेले, तर हे संध्याकाळी माझ्यासाठी मऊ भात लावून बसले होते. कसनुसं झालं हो. पण भात खाल्ला.

मीराची गोष्ट ऐकली तेव्हा मी खिडकीशी का गेले, ते तुम्हाला कळेल. मला आमका शिकवा म्हणायची सोय होती, कारण तुम्ही होतात. ही गाडी मी भंगारात जाऊ देणार नाही, काय वाटेल ते होवो.

उत्तर समोरच्या किराणावाल्याच्या पत्त्यावर पाठवा. तुमची आठवण रोज निघते, तशी माझीही काढत राहा.

आपली
नलिनी


कुंभारटेंब
२४ मार्च २०२५

सौ. नलिनीस,

पोटभर आशीर्वाद, आणि वर एक पापा.

गो बाय माझे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ओळीओळीला टाळ्या वाजवायचं तेवढं बाकी ठेवलं. चौथ्या गियरचं तुला अजून आठवतं ह्यातच माझी फी वसूल झाली. मी सगळ्या वाडीला बोलावून सांगितलं की इंजिन हललं. मीराने सगळ्यांना सोलकढी पाजली.

पण आता तुला एकटीला सांगते, दशरथला बोलू नकोस. माझ्या मनात एक भीती बसली आहे. मी शिकवायचे ती कानाने. इंजिन कुरकुरलं की मला कळायचं, हिने गियर बदलायला हवा, हिने रेस जास्त दिली, ही आता घाबरणार. आता मला शेजारच्या घरातला कुकर ऐकू येत नाही. गाडीत बसून समोर बघत बसले आणि इंजिन रडतंय हे मला कळलंच नाही, तर त्या बायकांना मी काय शिकवणार? शब्द देताना हे सुचलं नव्हतं. आता रात्री सुचतं. प्रीतमला सांगितलं तर तो लगेच म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो?

तुला ऐकू येतं. तुला माझी शिकवायची रीत माहीत आहे, तू तीत तयार झालीस. महिनाभर माझ्याकडे येशील? मागच्या सीटवर बस आणि माझे कान हो. मला ह्यात लाज वाटत नाही, तुझ्यापुढे तर नाहीच.

आता पुढचं. इंजिन सगळं फिरायला लागलं की प्लग न लावता स्टार्टर मारून आतलं तेल बाहेर उडू दे, समोर कोणी उभं राहू नका. तेल पूर्ण बदला, प्लग नवे लावा. पहिल्या वेळी स्टार्टरने दम धरला नाही तर ढकलून चालू करा. दुसरा गियर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की सोडायचा. हे काम कोणी करायचं ते तुला सांगायला नको. दशरथ पुन्हा म्हणेल, कशाला हात लावू नकोस. तू मान डोलाव आणि बस.

मग जे होईल ते मला सविस्तर कळव. तुझ्यावर किती जीव आहे ते भेटल्यावर सांगेन.

तुझी
सगुणा


चारकोप
७ एप्रिल २०२५

ती. अक्कास,

दशरथाचा नमस्कार. साष्टांग, शिरसाष्टांग, काय हवा तो धर. मी अजून भानावर नाही.

काल रामनवमी. निमेशने दिलेली मुदत कालचीच होती. भंगारवाल्याचा टेम्पो गेटबाहेर येऊन उभासुद्धा राहिला होता, ड्रायव्हर विडी ओढत बसलेला. तेल बदललेलं, प्लग नवे. लहूने स्टार्टर मारला तर इंजिन फिरतंय, फिरतंय, पण पेटत नाही. बॅटरी बसत चालली. तेव्हा ढकलायचं ठरलं. नलिनी सवयीने स्टिअरिंगवर जाऊन बसली. मी सांगितलं, कशाला हात लावू नकोस. तिने मान डोलावली. ती मान अशी डोलावली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तू पूजा नको म्हणाली होतीस. पूजा केली नाही. पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे कधी काही सुरू झालंय का? मी बॉनेटवर हात ठेवला आणि रवळनाथाला सांगितलं, की बा देवा महाराजा, आमच्या अक्काच्या ह्या गाडीत जो काही गंज, जो काही ओलावा, आणि जे काही तुझ्या ह्या लेकराच्या खुळेपणाने आत गेलं असेल, ते बाहेर काढ रे महाराजा. धाकू आणि लहू मोठ्याने व्हय महाराजा म्हणाले. मग सांगितलं, की तिकडे वाडीच्या बायका वाट बघून आहेत, त्यांचा टेम्पो त्यांच्याच हातात राहू दे रे महाराजा. ह्या वेळी हितेशभाई, निमेश आणि गॅलरीतल्या बायकाही व्हय महाराजा म्हणाल्या. बाहेरचा भंगारवालासुद्धा व्हय महाराजा म्हणाला, देवाशप्पथ सांगतो अक्का.

आणि ढकलली. गाडीने वेग घेतला, नलिनीने काय केलं मला दिसलं नाही, गाडीला एक हिसका बसला, ठो ठो झालं आणि इंजिन पेटलं! मागून असा धूर निघाला की निमेश दिसेना. हितेशभाई अजून सांगतो की खोबरं भाजल्याचा वास आला. आम्ही धुरात नाचतोय, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतोय. धूर विरला तर गाडी कुठे आहे? गेट उघडं. धाकू बाजूला तोंडाचा आ करून उभा. म्हणतो, वहिनी गेल्या. मी विचारलं, कुठे गेल्या? म्हणतो, हात दाखवून डावीकडे वळल्या.

अक्का, मी पायजम्यावर धावलो. मला वाटलं ब्रेक कुठला ते तिला माहीत नाही, आता ती थेट खाडीत जाऊन थांबणार. नाक्यापर्यंत धावलो, छातीत धाप, लहू मागून स्कूटर घेऊन आला, त्याच्या मागे बसलो, शेजारचे दोन्ही सेक्टर पालथे घातले. मी देवाला काय काय कबूल केलं ते विचारू नकोस. परत आलो तर गाडी आपल्या जागेवर, दोन रेघांच्या मधोमध, मागे तोंड करून लावलेली. इंजिन चालूच, मांजरासारखं घुरघुरतंय. आणि नलिनी बाहेर उभी, हातात बांगडे मासळीची पिशवी. म्हणाली, इंजिन लगेच बंद करणं बरं नव्हतं, थोडं फिरवायला हवं होतं, तर म्हटलं मासळी मार्केटला जाऊन येऊ, आज रामनवमी, उद्यासाठी.

मग तिने लायसन्स काढून माझ्या हातात दिलं.

जिन्यात जाऊन बसलो. खोटं कशाला लिहू, आधी राग आला. तुम्ही दोघींनी मिळून मला पंचवीस वर्षं येडा बनवलं. मग तो दाताचा डॉक्टर आठवला, मऊ भात आठवला, आणि हसू येऊ लागलं ते थांबेना. आयुष्यभर मी ड्रायव्हरच्या मागे उभा राहून नोकरी केली, घरात एक ड्रायव्हर भाकऱ्या भाजत होती हे मला दिसलं नाही. ती येऊन बाजूला बसली. मी विचारलं, तुला इतकी वर्षं चालवावीशी वाटली नाही? म्हणाली, रोज वाटली. अक्का, हे मात्र लागलं.

भंगारवाला पेढा खाऊन गेला. निमेशने गाडीच्या जागेवर स्वतः पांढरा नंबर रंगवला आहे. नलिनी म्हणते तुझ्याकडे महिनाभर यायचं तिने कबूल केलंय. मी नाही म्हणणारा कोण? गाडी तुम्ही दोघींनी चालवा, मी मागे बसून पाण्याचा कॅन धरेन. घंटी असती तर तीही मारली असती.

लवकर ये. तुझ्या माराची आणि मायेची, दोन्हीची तयारी आहे.

तुझा
दशरथ


कुंभारटेंब
२ जून २०२५

चि. दशरथास,

अनेक आशीर्वाद, आता हात आखडता नाही.

तू मुंबईला सुखरूप पोचल्याचं कळलं. आंबे पिकायच्या आत पेटी उघडून हवेवर पसर, कोंडून ठेवलेस तर सडतील, आणि त्यांच्यावर काही ओतू नकोस. गाडी इकडे आणताना घाटात तू कॅन मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होतास ते आम्ही दोघींनी आरशात पाहिलं. पण तोंडातून शब्द काढला नाहीस, ह्याबद्दल तुला मार्क दिले आहेत.

नलिनी मजेत आहे आणि आणखी महिनाभर राहणार आहे. हे मी विचारत नाही, कळवते आहे. ती एवढी बोलकी असेल असं मला वाटलं नव्हतं, तुला ठाऊक होतं का? बायका तिला मास्तरीण म्हणतात आणि मला मोठी मास्तरीण.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. माझे कान गेले म्हणून मी मनातून खचले होते, गाडीचा आवाज कळल्याशिवाय शिकवणार कशी म्हणून. नलिनीला मी मागे बसवलं. ठरलं असं की इंजिन कुरकुरलं की तिने माझ्या खांद्यावर बोट लावायचं, मग मी शिकणारणीला सांगायचं. पहिले चार-पाच दिवस तिच्या बोटाने माझा खांदा दुखला. मग काय झालं, तर शिकणाऱ्या बायकांना ते बोट आरशात दिसू लागलं. नलिनीने हात उचलला की त्यांचा हात आपोआप गियरवर. मग हळूहळू ती हात उचलायच्या आधीच त्या गियर बदलू लागल्या. म्हणजे त्यांना ऐकू यायला लागलं रे. मी इतकी वर्षं शिकवलं, ओरडून, समजावून, पण इतक्या लवकर कोणाला इंजिन ऐकायला शिकवलं नव्हतं. मला ऐकू येत नाही म्हणून त्या स्वतः ऐकतात. प्रीतम परवा आला होता, बांधावर उभा राहून अर्धा तास बघत होता. जाताना आराम कर म्हणाला नाही. पेट्रोल भरून गेला.

गाडी ठणठणीत आहे. सकाळी पहिल्या चावीला उठते. आज पाऊस थोडा उघडला आहे, तर मीराने हट्ट धरलाय की तुझं हे पत्र टाकायला पोस्टापर्यंत ती चालवणार, वाडीबाहेर, मोठ्या रस्त्याने. आजवर ती फक्त शाळेच्या मैदानात फिरली आहे. तिचा नवरा, सासू आणि अर्धी वाडी दारात येऊन उभी आहे. तिने पदर खोचलाय, आरसा तीनदा पुसलाय आणि माझ्याकडे न बघता सांगितलंय की आत्या, तुम्ही बोलायचं नाही. तेव्हा आता पाकीट न चिकटवता तसंच घेऊन निघते, काही राहिलं असेल तर तिथे लिहीन.

जेवणाची आबाळ करू नकोस, मऊ भात तुला छान जमतो म्हणतात. आमच्या दोघींचा जीव तुझ्यात आहे, तो तिकडे नीट सांभाळ.

तुझी
अक्का

ता. क. पोस्टासमोर गाडी उभी आहे, मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिते. येताना वाटेत म्हशी आल्या, एस.टी. आली, चढ आला. नलिनीचं बोट एकदाही माझ्या खांद्याला लागलं नाही. मी उतरून पाकीट पेटीत टाकायला निघाले, तर मीरा खाली उतरायलाच तयार नाही. स्टिअरिंग घट्ट धरून बसली आहे. म्हणते, आत्या, हे पोस्ट फारच जवळ पडलं, पत्र पुढच्या गावच्या पोस्टात टाकूया.